फॉर्म पाच कुणाच्या घरातला?

सप्टेंबर संपत आला की डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपन्यांत 'एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट' भरायची घाई उडते. पर्यावरण नियमांतला नियम १४, फॉर्म पाच. वर्षभरात पाणी किती वापरलं, सांडपाण्यातून आणि धुरातून काय बाहेर गेलं, घातक कचरा किती निघाला, हे ३० सप्टेंबरच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं.

हा फॉर्म भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर जन्मला, असं सर्रास सांगतात. साखळी जुळतेही. १९८४ ला भोपाळ. १९८५ च्या ऑगस्टमध्ये युनियन कार्बाइडच्याच वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यात गळती. १९८६ मध्ये अमेरिकेने कारखान्यांना कुठलं विषारी रसायन किती सोडलं ते नावानिशी जाहीर करायला लावलं. आपला पर्यावरण संरक्षण कायदाही १९८६ चाच.

तरी मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण ३० सप्टेंबर ही तारीख. १३ मार्च १९९२ च्या अधिसूचनेत मुदत १५ मे होती आणि कागदाचं नाव होतं पर्यावरण ऑडिट अहवाल. २२ एप्रिल १९९३ ला ऑडिटचं स्टेटमेंट झालं आणि मुदत ३० सप्टेंबरवर गेली. मार्चअखेर वर्ष संपवणाऱ्या कंपनीला भागधारकांपुढे ताळेबंद ठेवायची कायद्याने शेवटची तारीख तेव्हा हीच होती! अमेरिकेचा हिशेब मात्र जानेवारी ते डिसेंबर.

फॉर्म उघडून बघा. मागचं आर्थिक वर्ष आणि चालू आर्थिक वर्ष, असे दोन रकाने शेजारी शेजारी. पाणी आणि कच्चा माल दर युनिट उत्पादनामागे. भाग 'जी' तर विचारतो की प्रदूषण रोखण्याच्या उपायांनी उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला. भिंतीपलीकडे राहणारा माणूस हे कशाला विचारेल? हा कॉस्ट अकाउंटंटचा प्रश्न आहे. खाली तळटीपही आहे: कच्च्या मालाचं नाव सांगून करार मोडत असेल तर सांकेतिक नाव चालेल. मालकवर्गाला धीर देण्यासाठीच ती घातली असणार.

भोपाळचा खरा वारस मला कारखाना कायद्यात दिसतो. १९८७ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ४१-बी धोक्याची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायला सांगत होतं, २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत.

डोंबिवलीत ही दोन घराणी, ताळेबंदाचं आणि भोपाळचं, एकच समजली जातात. २०१४ चा हिरवा पाऊस, २०२० चा गुलाबी रस्ता, २६ मे २०१६ चा प्रोबेस कंपनीतला स्फोट आणि त्यातले बारा मृत्यू, २३ मे २०२४ चा अमुदान कंपनीतला स्फोट. दर वेळी निवासी विभागातले लोक विचारतात, शेजारी साठवलंय तरी काय? फॉर्म पाचमध्ये साठ्याचा रकानाच नाही. साठ्याची नोंद १९८९ च्या घातक रसायन नियमांखाली होते आणि ती बघायचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज नुसता मंडळाकडे टाकून भागत नाही. दुसरा अर्ज संचालनालयाकडे टाकावा.