अकुशल : कामाचे विशेषण, माणसाचे नव्हे

अकुशल (विशेषण) : ज्या कामासाठी आधीचे प्रशिक्षण किंवा दाखला मागितला जात नाही, त्या कामाचे शासकीय वर्गनाम. हा शब्द मराठीत किमान वेतनाच्या अधिसूचना, रोजगार हमीची हजेरीपत्रके आणि कंत्राटदारांची दरपत्रके यांतून रुळला. घरात, शेतात किंवा बाजारात कोणी कोणाला अकुशल म्हणत नाही. तिथे हाताच्या आणि डोक्याच्या गुणाला वेगळी नावे आहेत. सरावाने साधते ती हातोटी, आणि ती अंगवळणी पडून कधी चुकेनाशी झाली की हातखंडा. पोट ज्यावर चालते ते कसब, अडचणीतून वाट काढते ती हिकमत, भार पेलण्याची ताकद ती कुवत. विद्येत माणूस पारंगत किंवा निष्णात होतो, व्यवहारात वाकबगार. इंग्रजीतही अशीच वाटणी दिसते : एबिलिटी म्हणजे करता येणे, अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे शिकण्याचा कल, कॉम्पिटन्स म्हणजे ठरलेल्या मापाला उतरणे, स्किल म्हणजे कमावलेला हात. यांतला स्किल हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ भेद ओळखण्याची शक्ती, विवेक असा होता. अकुशल हा शब्द या कुटुंबातला वाटतो, पण तो मुळात वेतनश्रेणीचे नाव आहे. तो कामावरून माणसावर सरकतो तेव्हा चूक होते. ही सरकण यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडच्या झरी जामणी तालुक्यात स्पष्ट दिसते.

कायद्याचे शब्द नीट पाहिले तर त्यांत माणसाविषयी काहीच म्हटलेले नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात सुरू झालेला प्रयोग पुढे महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याने ग्रामीण भागातल्या प्रौढाला अकुशल अंगमेहनतीच्या कामाची हमी दिली. 2005 च्या केंद्रीय कायद्याने हीच भाषा देशभर नेली आणि एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांचे काम देऊ केले. दोन्हींत अकुशल हे विशेषण कामाला लागते. पण हिशेबाची रचना अशी, की 2005 च्या कायद्याखालच्या केंद्रीय योजनेत अकुशल मजुरीवर किमान 60 टक्के खर्च व्हावा अशी अट होती, आणि कुशल व अर्धकुशल कामगारांची मजुरी साहित्यखर्चाबरोबर उरलेल्या 40 टक्क्यांत धरली जात होती. गवंड्याची मजुरी सिमेंटच्या रकान्यात जाई आणि माती खणणारा वेगळ्या रकान्यात राही. रकाने वेगळे झाले की त्यांत बसवलेली माणसेही वेगळ्या जातकुळीची वाटू लागतात. ‘अकुशल काम करणारा मजूर’ हे लांबलचक पद बोलताना ‘अकुशल मजूर’ एवढेच उरते.

आता झरी जामणीतली कामे पाहू. पहिले कापसाच्या वेचणीचे, जे मुख्यतः बाया करतात आणि ज्याची मजुरी किलोमागे मिळते. पऱ्हाटीवरचे बोंड पुरते उमलले आहे की नाही हे नजरेने ठरवायचे, कापूस ओढताना वाळलेला पाला चुरून त्यात मिसळू द्यायचा नाही, कवडी (नीट न उमललेला कापूस) आणि डागाळलेला कापूस वेगळा ठेवायचा. सकाळी पाला नरम असतो म्हणून कचरा कमी येतो, पण दव असले तर कापूस ओला भरतो. भारतीय कपास निगमच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा 8 ते 12 टक्के आहे, म्हणजे वेचणारीची वेळेची निवड थेट शेतकऱ्याच्या भावाला भिडते. त्यात मजुरी वजनावर, तेव्हा वेग आणि स्वच्छता यांचा मेळ बोटांनाच घालावा लागतो. किमान वेतनाच्या अधिसूचनांत अकुशल कामाची ओळख साधारणपणे अशी दिलेली असते की त्यात स्वतंत्र निर्णय वा पूर्वानुभव थोडाच लागतो किंवा लागत नाही. ही कसोटी वेचणीला प्रामाणिकपणे लावली तर ती टिकत नाही.

दुसरे उदाहरण कोलामांचे. महाराष्ट्रात केंद्र शासनाने विशेष असुरक्षित मानलेल्या आदिवासी जमाती तीन : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. झरी जामणीत कोलामांच्या वस्त्या पोड म्हणून ओळखल्या जातात. त्यांची कोलामी ही द्राविडी भाषा आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1955 मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. बांबूच्या टोपल्या, सुपे, तट्टे विणणे हे कोलामांचे जुने कसब. कोवळा बांबू किडतो, अति जून झाला की वाकत नाही. तोडतानाच वय ओळखावे लागते. पेरांवरून सरळ चिरत नेऊन कामट्या एकसारख्या जाडीच्या काढायच्या, त्याही माप न लावता. सुपाची वीण दाट हवी, ओझ्याच्या टोपलीची वेगळी. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात नोंदवले की राजगोंड स्थानिक देवतांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्याला बोलावतात. म्हणजे शेजारच्या समाजानेही त्यांचा अधिकार मानलेला होता. मात्र 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडांत धरले आणि तोडणी, वाहतूक वनखात्याच्या हाती गेली. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात आणले, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, आणि वनाबाहेरच्या बांबूला 2017 च्या दुरुस्तीने झाडांतून वगळले. कच्चा माल हाती नसलेल्या कारागिराला मजुरीच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि तिथे त्याची नोंद अकुशल होते. हात तोच असतो. त्याला वाव देणारी व्यवस्था बदललेली असते.

येथे एक आक्षेप वजनदार आहे. अकुशल या वर्गानेच गरिबाला दार उघडले. दाखला, शाळा, ओळख यांपैकी काही न मागता काम मिळावे हे पागे यांच्या योजनेचे बळ होते; कौशल्याची अट घातली असती तर पोडावरचा माणूस पहिल्याच दिवशी बाहेर राहिला असता. हे पूर्ण खरे आहे आणि ती हमी तशीच राहिली पाहिजे. पण अट नसणे हा कामाच्या दाराचा गुण आहे. त्यावरून आत येणाऱ्याच्या अंगी काय आहे, याचा निर्णय होत नाही. दुसरा आक्षेप असा की सगळ्यांनाच कुशल म्हटले तर शब्द निरर्थक होईल. त्यासाठी कसोटी ठेवता येते : नवख्याला ते काम तेवढ्या दर्जाने जमायला किती काळ लागतो, आणि चूक झाली तर नुकसान किती होते. या कसोटीवर ओझे वाहणे आणि सूप विणणे एका ओळीत बसत नाही, आणि बसूही नये.

कुशल शब्दाची पारंपरिक व्युत्पत्तीही येथे उपयोगी पडते. कुश म्हणजे दर्भ. ते तीक्ष्ण गवत हात न कापता आणणारा तो कुशल. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या, म्हणजे मुख्यार्थ सोडून घेतल्या जाणाऱ्या अर्थाच्या, विवेचनात हा शब्द उदाहरणाला घेतला. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने ते मानले नाही; त्याच्या मते दक्ष हाच कुशलचा मुख्यार्थ, व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही. विश्वनाथाचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या अधिक बळकट आहे. तरीही परंपरेला कौशल्याचे मूळ सांगताना गवत आणणारा हातच आठवला, याचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

पूर्वज्ञानाला मान्यता देणारी प्रमाणपत्रे हा अलीकडचा उपाय आहे. 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत त्याची तरतूद आहे. त्याचा लाभ होतो, पण ठरलेल्या कामाच्या वर्णनात जो बसतो त्यालाच. वेचणी, बांबूचे वय ओळखणे, बियाणे राखणे ही कामे एका माणसाच्या वर्षभरात मिसळलेली असतात आणि कोणत्याही एका वर्णनात पुरती मावत नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्राच्या आधीची दुरुस्ती हजेरीपत्रकातच करावी लागेल : मजुराच्या नावापुढे श्रेणी न लिहिता ती कामाच्या नावापुढे लिहिणे, आणि मजुराला येणाऱ्या कामांसाठी निराळा रकाना ठेवणे.