मॅनोज-बंधक लेक्टिनची कमतरता

मॅनोज-बंधक लेक्टिनची कमतरता ही रक्तातील एका संरक्षक प्रथिनाची आनुवंशिक उणीव आहे. ती पुष्कळ लोकांत आढळते आणि त्यांतील बहुतेकांना तिचा पत्ताही लागत नाही. कर्करोगावरील केमोथेरपीमुळे मुलांच्या श्वेतपेशी घटतात तेव्हा मात्र ही उणीव संसर्गाचा धोका वाढवते काय, हा बालकर्करोगशास्त्रातील वादाचा प्रश्न आहे.

प्रथिनाचे कार्य

हे प्रथिन यकृतात तयार होते. जिवाणू, बुरशी व काही विषाणू यांच्या पृष्ठभागावर मॅनोजसारख्या शर्करांची जी मांडणी असते ती ओळखून ते तिला चिकटते. (‘लेक्टिन’ हा शब्द ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून १९५४ मध्ये घडवला गेला; या प्रथिनाच्या कामाला तो चपखल लागू पडतो.) चिकटताच त्याच्यासोबतची विकरे कार्यरत होतात व रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी सुरू होते. काही जिवाणूंच्या आवरणाला त्यामुळे छिद्रे पडतात. इतरांवर अशी खूण उमटते की भक्षक पेशी त्यांना सहज गिळतात. यासाठी प्रतिपिंडांची वाट पाहावी लागत नाही. म्हणून आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरलेली आणि बाळाची स्वतःची अपुरी, अशा साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात या प्रथिनाचे महत्त्व विशेष मानले जाते.

आनुवंशिकता

दहाव्या गुणसूत्रावरील एमबीएल२ या जनुकावरून हे प्रथिन बनते. त्याच्या तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि अशा अनेक वेण्या मिळून कार्यक्षम रेणू सिद्ध होतो. जनुकातील ५२, ५४ किंवा ५७ क्रमांकाच्या संकेतात बदल झाल्यास ही गुंफण बिघडते. एकाच पालकाकडून सदोष प्रत आली तरी पातळी बरीच खालावते, कारण सदोष साखळी निर्दोष साखळ्यांत मिसळून सबंध वेणीच नासवते. जनुकाच्या नियंत्रक भागातील फरकांमुळेही पातळी कमीअधिक होते.

शोध

१९६८ मध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या एका बालिकेची नोंद झाली. तिच्या रक्तद्रवात यीस्टच्या कणांवर भक्षक पेशींसाठी खूण उमटवण्याची क्षमता नव्हती. पुढे १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी सशाच्या यकृतातून हे प्रथिन वेगळे केले. हे दोन धागे १९८९ मध्ये जुळले आणि तसा दोष या प्रथिनाच्या कमतरतेमुळे उद्भवतो हे दिसून आले.

कर्करोगग्रस्त मुलांतील संसर्ग

केमोथेरपीनंतर काही दिवसांनी न्यूट्रोफिल या श्वेतपेशींची संख्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० हून खाली जाऊ शकते. अशा मुलाला येणारा ताप हे कित्येकदा गंभीर जिवाणुसंसर्गाचे एकमेव लक्षण असते. पू होण्यासाठी लागणाऱ्या पेशीच नसल्याने जखम वा सूजही नीट दिसत नाही. संरक्षणाची एक फळी कोसळली असता दुसरीही मुळातच कमकुवत असेल, तर आजार लांबेल, असा तर्क त्यातून निघतो.

लंडनमधील संशोधकांनी २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या १०० मुलांच्या अभ्यासाने या तर्काला बळ दिले. सदोष जनुक असलेल्या मुलांमध्ये न्यूट्रोफिल कमी असताना आलेल्या तापाचे दिवस इतरांच्या सुमारे दुप्पट होते. नंतरच्या अभ्यासांत मात्र एकवाक्यता राहिली नाही. काहींना संबंध आढळला, काहींना आढळला नाही. ‘कमतरता’ कशाला म्हणावे हेच सर्वत्र सारखे नव्हते: कोणी प्रतिमिलिलिटर ५०० नॅनोग्रॅमची मर्यादा धरली, तर कोणी १००० ची. कर्करोगाचे प्रकार व उपचारांची तीव्रताही भिन्न होती. याखेरीज एक विचार असा मांडला गेला आहे की, अतितीव्र उपचारांत भक्षक पेशी जवळजवळ नाहीशाच होतात. मग जंतूंवर खूण उमटली काय आणि न उमटली काय, गिळणारेच कोणी उरत नाही. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. तथापि केवळ त्यानेच सर्व विसंगती उलगडतात असे नाही.

उपचार

तापाच्या उपचाराचा निर्णय या प्रथिनाच्या पातळीवर अवलंबून ठेवला जात नाही. न्यूट्रोफिल कमी असलेल्या मुलाला ताप येणे ही तातडीची अवस्था समजून रक्ताचे नमुने घेतात व शक्यतो तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविके सुरू करतात. घरी ताप आल्यास परस्पर तापाचे औषध देऊन वाट पाहणे धोक्याचे ठरते, कारण ताप उतरला तरी संसर्ग आतल्या आत पसरत राहू शकतो. पातळी सामान्य निघाली तरी हा धोका टळत नाही.

मानवी रक्तद्रवातून वेगळे केलेले हे प्रथिन शिरेवाटे देण्याचे प्रयोग अल्पसंख्य रुग्णांवर झाले आहेत. रक्तातील पातळी त्याने वाढते. नेहमीच्या उपचारांत मात्र त्याचा समावेश झालेला नाही. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने रक्तपेशी दात्याच्या होतात, परंतु हे प्रथिन यकृतात तयार होत असल्याने रक्तातील त्याची पातळी प्रामुख्याने रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांवरच ठरते.