वाफेचा हत्ती आणि नानासाहेब पेशवे

यंत्र, हेर आणि प्रेम ह्या तीन धाग्यांनीं विणलेल्या कथांचा एक स्वतंत्र पंथ पाश्चात्य वाङ्मयांत रूढ झाला आहे. कथेचा काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाचा. पण तींतील यंत्रें त्या काळाच्या कारागिरांना कधींच न साधलेलीं, आणि बहुतेक वाफेवर चालणारीं. ह्या प्रकारास ‘स्टीमपंक’ हें नांव के. डब्ल्यू. जेटर ह्या अमेरिकन लेखकानें १९८७ सालीं दिलें. नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. तिच्या आद्य प्रवर्तकांत ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) ह्या फ्रेंच कादंबरीकाराची गणना होते. त्याची १८८० सालची ‘वाफेचें घर’ ही कादंबरी महाराष्ट्रीय वाचकानें अवश्य पारखून पाहावी अशी आहे. कारण तींतील खलपुरुष म्हणून त्यानें खुद्द नानासाहेब पेशव्यांना उभें केलें आहे.

कादंबरीचा काळ १८६७ हा धरलेला आहे. बँक्स नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें भूतानच्या राजासाठीं पोलादी हत्ती बनविला आहे. हत्तीच्या पोटांत बाष्पपात्र, सोंडेंतून धूर, आणि मागें ओढावयास चाकांवरचीं दोन सुसज्ज घरें! हा हत्ती नदीही तरून जातो. राजा मृत्यु पावल्यामुळें हत्ती बँक्सच्या हातीं येतो आणि त्याचे मित्र कलकत्त्याजवळून हिंदुस्थानच्या सफरीस निघतात. त्यांतील कर्नल मन्रोची पत्नी कानपुरास मारली गेली असा त्याचा समज आहे, आणि सूडासाठीं तो नानाचा माग काढीत आहे. इकडे फकिराच्या वेषांतला नाना औरंगाबादेस प्रकट होतो व वेरूळच्या लेण्यांचा आसरा घेतो. त्याचा हस्तक कालागणी वाटाड्या म्हणून प्रवाशांत शिरतो आणि अखेर मन्रोला धन्याच्या हातीं देतो. रानावनांत मशाल घेऊन भटकणारी एक वेडी स्त्री हीच मन्रोची पत्नी निघते. शेवटीं बाष्पपात्राचा स्फोट होतो, आणि पतिपत्नींचें पुनर्मीलन होतें.

रचना मोठी कुशल आहे ह्यांत शंका नाहीं. पण तिच्या मुळाशीं एक युक्ति आहे, ती ओळखली पाहिजे. मन्रोनें झांशीच्या राणीला मारलें, नानानें मन्रोची पत्नी हिरावली, असें लिहून व्हर्ननें एका मोठ्या राजकीय उठावाला दोन व्यक्तींच्या खाजगी वैराचें रूप दिलें. प्रेम आणि सूड पुढें आले कीं कारणें मागें पडतात.

तीं कारणें इतिहासांत स्पष्ट आहेत. दुसरे बाजीराव १८५१ सालीं ब्रह्मावर्तास वारले, आणि त्यांचें आठ लक्ष रुपयांचें सालीना वेतन दत्तकपुत्र नानासाहेबांस देण्याचें कंपनी सरकारनें नाकारलें. नानासाहेबांनीं अझीमुल्लाखानास वकील म्हणून विलायतेस पाठविलें. पण तेथेंही दाद लागली नाहीं. पुढें १८५७ च्या जून-जुलैंत कानपुरास सतीचौरा घाटावर व बिबीघरांत इंग्रज स्त्रिया व मुलें मारलीं गेलीं. तें कृत्य भयंकर होतें. त्यांत नानासाहेबांचा वांटा किती, ह्याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं. नीलनें घेतलेला सूडही तितकाच निर्घृण होता. नानासाहेब १८५९ सालीं नेपाळांत गेले व तेथेंच त्यांचा अंत झाल्याच्या वार्ता आल्या. तरी १८७४ सालीं ग्वाल्हेरीस एका भलत्याच माणसाला नाना समजून पकडण्यांत आलें. ज्या माणसाचा मृत्यु सरकारालाही पटत नव्हता, त्याला कादंबरीकारानें पुन्हा जिवंत केलें, ह्यांत नवल नाहीं.

वाफ आणि हेर हे दोन्ही विषय त्या युद्धांत खरोखरच होते. मात्र त्यांचें रूप निराळें होतें. दिल्लीहून ११ मे १८५७ रोजीं तारेनें अंबाल्यास गेलेल्या बातमीमुळें पंजाबांतील अधिकारी वेळींच सावध झाले. कलकत्त्याहून राणीगंजपर्यंतची आगगाडी १८५५ पासून चालू होती. तिनें फौजा पुढें गेल्या. हेरांचें काम माणसेंच करीत. नोव्हेंबर १८५७ मध्यें थॉमस कॅव्हनॉ हा तोंडाला काजळी फांसून, देशी वेष घेऊन, लखनौच्या वेढ्यांतून बाहेर पडला व इंग्रज सैन्याला वाट दाखविण्यास पोंचला. त्याच्याबरोबर कनौजीलाल नांवाचा ब्राह्मण होता. कॅव्हनॉला व्हिक्टोरिया क्रॉस मिळून त्याचें नांव अजरामर झालें. कनौजीलालाचें नांव फार थोड्यांना ठाऊक आहे. वेषांतर दोघांनींही केलें असतें, पण स्वपक्षाचा हेर तो वीर आणि परपक्षाचा तो विश्वासघातकी, हा कथेचा जुनाच न्याय आहे. कालागणी ह्याच न्यायानें खल ठरतो.

परंतु व्हर्नला एकांगी म्हणून सोडून देतां येत नाहीं. १८७४-७५ च्या ‘गूढ बेट’ ह्या कादंबरींत त्यानें उघड केलें कीं, विजेवर चालणाऱ्या नॉटिलस ह्या पाणबुडीचा धनी कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या युद्धांत तो इंग्रजांशीं लढला होता. म्हणजे त्याच बंडाचा एक सेनानी येथें विद्वान, दुःखी आणि उदात्त आहे! दोन्ही पुस्तकांत पांच-सहा वर्षांचेंच अंतर आहे. फरक एवढाच कीं नेमोच्या हातीं यंत्र आहे आणि नानाच्या हातीं नाहीं. ज्याच्या हातीं यंत्र त्याच्याकडे वाचकाचें मन, अशी ही वांटणी आहे.

व्हर्न हिंदुस्थानांत कधींही आला नाहीं. त्याला हा देश इतरांच्या ग्रंथांतूनच दिसला. म्हणून त्याचा पोलादी हत्ती मुलांनीं कौतुकानें पाहावा, त्याची सफर मोठ्यांनींही आनंदानें वाचावी. पण पुस्तक मिटल्यावर ब्रह्मावर्तच्या वाड्यांतील तो नाकारलेला अर्जही एकदां घरांतील मुलांना सांगावा. हत्ती कल्पनेचा होता. अर्ज खरा होता.