खंडणी आणि पत

जयपूरच्या जुन्या शहरात, त्रिपोलिया दरवाजाजवळ, ईसरलाट नावाचा उंच मनोरा आहे. सवाई ईश्वरीसिंहाने तो १७४९ मध्ये आपल्या विजयाचे स्मारक म्हणून उभारला. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, मल्हारराव होळकरांची फौज खंडणीच्या थकबाकीसाठी जयपूरवर चालून आली. खजिन्यात तेवढा पैसा नव्हता. ईश्वरीसिंहाने आत्मघात केला.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीची अशी दशा अवघ्या पाव शतकात का झाली? जयसिंहाच्या निधनानंतर, १७४३ पासून, ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांत गादीचा तंटा पेटला. उभय पक्षांनी मराठी सरदारांचे साहाय्य मिळविले ते मुख्यतः पुढील वसुलाच्या वचनांवर. जे हाती नव्हते तेच आधी खर्ची पडले.

परंतु दोष एकट्या जयपूरचा नव्हे. वसुलीस येणारी मराठी सत्ताही ऋणकोच होती. सावकाराच्या कर्जावर फौज उभी करावयाची आणि मोहिमेच्या मिळकतीतून ते कर्ज फेडावयाचे, हा तिचा क्रम होता. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जापायी होणारी तगमग उघड दिसते. बखरींचा मुख्य रस पराक्रमात आहे. त्या पराक्रमाचा हिशेब पत्रांत शोधावा लागतो. दोन्ही साधने एकत्र वाचल्यावाचून अठराव्या शतकाचे मराठी गद्य पुरते उमगत नाही.

माधोसिंह गादीवर आला, तरी मागणी थांबली नाही. १० जानेवारी १७५१ रोजी नवे शहर पाहण्यास आणि खरेदीस गेलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले. हजारो मराठे मारले गेले. खंडणीच्या वहीत या द्वेषासाठी रकाना नव्हता.

त्याची बाकी दहा वर्षांनी निघाली. १७६० मध्ये दिल्लीत सदाशिवरावभाऊंना फौजेच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर निर्वाणीचा प्रसंग आला, तेव्हा माधोसिंह अलिप्तच राहिला. त्याच्या अलिप्ततेस इतरही कारणे होती. तथापि जयपुरातील वसुलीचा विसर त्याला पडला असेल, असे म्हणवत नाही. माधवराव पेशव्यांना तर १७७२ मध्ये मृत्युशय्येवरही कर्जफेडीची आज्ञा लिहून ठेवावी लागली.

जयपूरच्या मानेवरचे जू मात्र उतरले नाही. १८१८ च्या तहाने खंडणी इंग्रजांकडे वळली. तिचीही थकबाकी इतकी साचली की १८४२ मध्ये कंपनी सरकारला ४६ लाख रुपये माफ करावे लागले.

मराठीत ‘पत’ या एकाच शब्दाने सावकाराचा भरवसा आणि माणसाची अब्रू हे दोन्ही सांगितले जाते. १७५० च्या जयपुरात राजाची पहिली पत गेली, आणि वसुली करणाऱ्यांनी दुसरी गमावली.