उत्तरेचे सात तारे

मंडळी, आज ज्या सात ताऱ्यांविषयी बोलायचे आहे, ते तुमच्या ओळखीचेच आहेत. अंगणात निजायची पद्धत होती तेव्हा घरातली म्हातारी माणसे पोरांना ते बोटाने दाखवीत. चार तारे म्हणजे खाटेचे चार पाय, आणि मागून येणारे तीन म्हणजे ती खाट पळवणारे तीन चोर. कोणी खाट म्हणत, कोणी बाज, कोणी बाजले. विदर्भातले गोंड लोकही तिथे खाट आणि तीन चोरच पाहतात. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या अभ्यासकांनी २०१३ साली गोंडांच्या आकाशज्ञानाची जी माहिती छापली, तिच्यात ही गोष्ट आहे. पुढे पोर शाळेत गेले की गुरुजी तेच तारे दाखवीत आणि म्हणत, हे सप्तर्षी. एकाच ठिकाणी आजीला चोर दिसले आणि शास्त्रीबुवांना ऋषी! आता यांत खरे कोण, असे विचारू नका. दोघांनीही मान वर करून पाहिले होते, हे महत्त्वाचे.

प्रथम ऋषींची नावे नीट लावून घेऊ. खाटेचे पुढचे दोन पाय म्हणजे क्रतु आणि पुलह. मागचे दोन पुलस्त्य आणि अत्रि. मग चोरांची ओळ : अंगिरस, वसिष्ठ आणि सर्वांत शेवटी मरीचि. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हीच नावे याच क्रमाने दिली आहेत, फक्त त्याने मरीचीपासून सुरुवात केली आहे. म्हणजे निदान चौदाशे वर्षे हा क्रम ढळलेला नाही.

आता चऱ्होलीत उभे राहून पाहू. चऱ्होली बुद्रुकच्या माणसाला उत्तर दिशा शोधायला होकायंत्र लागत नाही. इंद्रायणीच्या पलीकडे चऱ्होली खुर्द आणि त्याच्याही पलीकडे चाकण. तिकडे तोंड केले की झाले. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास ईशान्येला खाट वर आलेली असते आणि चोर तिच्यामागून एकेक करून क्षितिजावर चढत असतात. मे महिन्यात याच वेळेला सातही तारे उत्तरेला उंच आलेले असतात, आणि खाट पालथी झालेली दिसते. जुलैत ती वायव्येला उतरते, पण तेव्हा ढग आपल्याला पाहू देत नाहीत. मे महिना हाच सप्तर्षी पाहण्याचा खरा हंगाम.

पुलहापासून क्रतूपर्यंत एक रेघ मनात ओढा आणि तीच रेघ पुढे तेवढ्याच अंतराची पाच पट न्या. तिथे एक एकटा तारा भेटेल. तो ध्रुव. पुष्कळांची समजूत असते की ध्रुव हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तसे नाही. तो साधारण सप्तर्षींतल्या ताऱ्यांएवढाच आहे. त्याचे मोठेपण तेजात नाही, जागेत आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. चऱ्होलीत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी, म्हणजे सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो. कारण चऱ्होलीचे अक्षांशही तेवढेच आहेत. श्रीनगरला तो चौतीस अंशांवर जातो आणि कन्याकुमारीला जेमतेम आठ अंशांवर येतो. शिक्षकांनो, भूगोलाच्या पुस्तकातले अक्षांश मुलांच्या मुठीत मावतात ते असे.

ध्रुव आपल्याकडे इतका खाली असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. सप्तर्षी त्याच्याभोवती फिरताना क्षितिजाखाली जातात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत संध्याकाळी ते जवळजवळ दिसतच नाहीत. मार्गशीर्षात पहाटे उठणाऱ्यालाच त्यांची भेट होते. तोवर ध्रुव ओळखायला दुसऱ्या बाजूची शर्मिष्ठा उपयोगी पडते. तिचे पाच तारे इंग्रजी एम् अक्षरासारखे मांडलेले असतात.

हे मावळणे ध्यानात ठेवा, कारण ग्रीक लोकांची कथा यावरच उभी आहे. त्यांनी या ताऱ्यांत अस्वल पाहिले. कॅलिस्टो नावाच्या युवतीवर देवांचा राजा झ्यूस भाळला, आणि त्या रागातून तिची अस्वल झाली. पुढे झ्यूसने तिला आकाशात नेऊन ठेवले. पण हेरा राणीचा राग तेवढ्याने गेला नाही. तिने समुद्राला सांगितले की या अस्वलीला तुझ्या पाण्यात कधी स्नान करू देऊ नकोस. ग्रीस आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला आहे. तिथे त्या काळी हे सात तारे कधीच मावळत नसत, आणि त्याचे कारण सांगायला ही कथा झाली. चऱ्होलीच्या आकाशातली अस्वल मात्र रोज खुशाल पाण्यात उतरते! कथा कोणत्या गावी जन्मली हे कधी कधी आकाशच सांगते, ते असे.

आणि गंमत अशी की अस्वल आपल्याकडेही होती. ऋग्वेदात उंच ठेवलेल्या 'ऋक्षां'चा उल्लेख येतो. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि तारा असाही त्याचा अर्थ आहे. ग्रीकांचा आर्क्टोस आणि आपला ऋक्ष हे दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत. शतपथ ब्राह्मणात तर स्पष्टच म्हटले आहे की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. त्याच ठिकाणी असेही आहे की कृत्तिका या त्यांच्या बायका, पण त्यांची ताटातूट झाली; कारण सप्तर्षी उत्तरेला उगवतात आणि कृत्तिका पूर्वेला. बाकीची नक्षत्रे पूर्वेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत, असेही तिथे सांगितले आहे.

शेकडो वर्षे पंडितांनी हा मजकूर वाचला. पण तो घड्याळासारखा वाचायचा असतो, हे ज्यांना सुचले ते शंकर बाळकृष्ण दीक्षित एक मराठी शाळामास्तर होते. १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूड गावी त्यांचा जन्म झाला. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या गावी त्यांनी नोकरी केली आणि शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवले. दुर्बिणीची वेधशाळा त्यांच्याजवळ नव्हती. शाळा सांभाळून त्यांनी जुने ग्रंथ आणि पंचांगे तपासली, आणि १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९८ साली, पंचेचाळीस वर्षांचेही पुरते होण्याआधी, ते वारले.

त्यांचा विचार पाहा किती साधा आहे. आज कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नाहीत. कार्तिकात संध्याकाळी चऱ्होलीच्या माळावर उभे राहून पाहा. पूर्वेच्या खुणेपासून उत्तरेकडे अडीच मुठी सरकून तो पुंजका वर येतो. मग शतपथकार त्या पूर्वेपासून ढळत नाहीत असे का म्हणतात? त्यांनी चुकीचे पाहिले, असे म्हणणे सोपे होते. दीक्षितांनी उलट धरले : त्यांनी जे पाहिले ते लिहिले. तर मग आकाश तसे केव्हा होते, याचे गणित करू. उत्तर आले, इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. त्या वाक्याचा अर्थ असाच अक्षरशः घ्यावा की नाही, यावर पुढे विद्वानांत वाद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. पण धर्मग्रंथातले एक वाक्य म्हणजे कोणीतरी एका रात्री केलेली नोंद असू शकते, ही दृष्टी आपल्याला या मास्तरांनी दिली.

आकाश असे सरकते का? भोवरा जोरात फिरत असताना त्याचे डोके सावकाश गोल डोलत असते, ते तुम्ही पाहिले असेल. पृथ्वीही तशीच डोलते. एक डोलणे पुरे व्हायला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. त्यामुळे तिचा आस आकाशात ज्या ठिकाणी रोखलेला असतो, ते ठिकाण बदलत जाते. सुनीतीचा पोर ध्रुव, सावत्र आईने बापाच्या मांडीवर बसू दिले नाही म्हणून रानात गेला आणि तपाने अढळपद मिळवून बसला, ही कथा आपण सारे जाणतो. पण त्या पदावर आज बसलेला तारा नेहमीचा नाही. इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमारास तिथे कालेय नावाच्या तारकासमूहातला ठुबान हा तारा होता. आजचा ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून अजूनही एका अंशाहून कमी अंतरावर आहे. २१०० च्या सुमारास तो सर्वांत जवळ जाईल आणि मग दूर होऊ लागेल. अढळपद खरे, पण ते पद अढळ आहे, बसणारे बदलतात. गावच्या सरपंचपदासारखेच म्हणा ना!

आता वसिष्ठाकडे वळू, कारण तिथे या सगळ्यांतली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. मधल्या चोराच्या अगदी अंगाला लागून एक बारीक तारा दिसतो. ती अरुंधती. महाभारताच्या वनपर्वात कथा आहे की स्वाहेने सहा ऋषिपत्नींची रूपे घेतली, पण अरुंधतीचे रूप काही तिला घेता आले नाही. त्या सहाजणींना नवऱ्यांनी टाकले आणि त्या आकाशात कृत्तिका झाल्या. अरुंधती तेवढी वसिष्ठाजवळ राहिली. शतपथातली ताटातूट इथे कथेच्या रूपाने पुन्हा आली आहे.

आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात सांगितले आहे की लग्नाच्या रात्री वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसेपर्यंत मौन धरावे, आणि दिसल्यावर बोलावे. आता आपली लग्ने भर दुपारी लागतात. भटजीबुवा मांडवाच्या कापडाकडे बोट करतात, आणि नवरा-नवरी दोघेही "दिसली, दिसली" म्हणून मोकळी होतात. पाहण्याचा विधी होता, तो म्हणण्याचा झाला. शिक्षकांसाठी मात्र यात एक धडा आहे. बारीक अरुंधती एकदम दिसत नाही, म्हणून आधी जवळचा मोठा तारा दाखवायचा आणि मग नजर हळूच बाजूला न्यायची. याला स्थूलारुंधती न्याय म्हणतात, आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तो वापरला आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा, असे अध्यापनशास्त्र आज सांगते, ते हेच.

दुर्बिणीने या जोडप्याचे घर आणखी भरलेले निघाले. सतराव्या शतकात वसिष्ठ हा एक नसून दोन तारे आहेत असे दिसले. पुढे त्या दोहोंतला प्रत्येक तारा जोडतारा ठरला, आणि २००९ साली अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. तेव्हा आपण ज्यांना दोन म्हणतो ते निदान सहा आहेत, आणि त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ऐंशी वर्षे लागतात. आज तुम्ही वसिष्ठाचा जो प्रकाश पाहाल, तो तिथून निघाला तेव्हा तुमचे आजोबा तरुण असतील. १८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज ज्योतिर्विदाने दाखवले की सातांपैकी मधले पाच तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. दोन टोकांचे क्रतु आणि मरीचि यांची वाट निराळी आहे. लाखभर वर्षांनी ही खाट मोडलेली असेल.

पण चऱ्होलीपुरते पाहिले, तर खाट दिसेनाशी व्हायला लाख वर्षे लागतील असे वाटत नाही. १९९७ साली चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. उत्तरेला चाकणचे कारखाने, दक्षिणेला शहर, आणि मध्ये उंच इमारती. कारखान्यांनी पोरांना काम दिले, रस्त्यावरच्या दिव्यांनी बायामाणसांना रात्रीचे निर्धास्त केले. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. तरीही जो दिवा खाली रस्त्यावर प्रकाश पाडण्याऐवजी वर आकाशात फेकतो, तो वीज फुकट घालवतो आणि तारेही पुसतो. सातांतला सर्वांत मंद तारा अत्रि. उजळलेल्या आकाशात खाटेचा हा पाय आधी नाहीसा होतो. अरुंधती तर त्याहून बारीक.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मे महिन्यात सुट्टी असते. अमावास्येच्या आगेमागे एखाद्या रात्री मुलांना आणि त्यांच्या आईबापांना नदीकाठी न्या. वीस मिनिटे दिवा आणि मोबाईल बंद ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. मग प्रत्येकाला वेगळे विचारा : सातांपैकी किती दिसले? अत्रि दिसला का? अरुंधती दिसली का? तारीख, वेळ, जागा आणि आकडा वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी तेच करा. अडचण आली तर १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आलेली आहे. आणि रात्रीच्या लायटीवर दारे धरणाऱ्या शेतकरी बंधूंनो, तुम्ही तर जागेच असता. वाफा भरेपर्यंत खाट ध्रुवाभोवती किती कलली ते पाहा. सहा तासांत ती बरोबर पाव फेरा करते.

शतपथकारांनी कृत्तिका कुठे उगवल्या ते सांगून ठेवले, म्हणून दीक्षितमास्तरांना गणित करता आले. शाळेच्या वहीतली नोंद तेवढी जुनी व्हायची नाही कदाचित, पण दहा वर्षांनी कोणी विचारले की चऱ्होलीच्या आकाशात अरुंधती केव्हापर्यंत दिसत होती, तर उत्तर त्या वहीत सापडेल. यंदाच्या मे महिन्यात पहिले पान लिहून टाका.