१९६४चा आशिया चषक : यजमान इस्रायल, उपविजेता भारत

आपल्या लोकांना वेड क्रिकेटचं, म्हणून फुटबॉलमधली ही हकिगत मागे पडली. २६ मे ते ३ जून १९६४ या दिवसांत इस्रायलने आशिया चषक भरवला आणि जिंकलाही. उपविजेता होता भारत.

संघ चारच होते : इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. भारताचे कर्णधार होते चुनी गोस्वामी. २७ मे रोजी भारताने कोरियाला २-० असं हरवलं. त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरूंचं निधन झालं. दोन दिवसांनी यजमानांशी गाठ पडली. मोर्देखाय श्पिगलर आणि योहाय आहारोनी यांच्या गोलांवर इस्रायल २-० ने जिंकला. पुढे भारताने हाँगकाँगला ३-१ ने नमवलं, तर इस्रायलने तिन्ही सामने जिंकून चषक घरीच ठेवला. श्पिगलर आणि इंदरसिंग यांचे गोल सारखेच, दोन-दोन.

पण चारच संघ का? नावं दिलेल्या सोळांपैकी अकरा संघांनी माघार घेतली. इस्रायलशी खेळायचं नाही, हे त्यामागचं मोठं कारण. दोनच वर्षांपूर्वी जकार्ताच्या आशियाई खेळांसाठी इंडोनेशियाने इस्रायलच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला होता. भारताने मात्र संघ पाठवला. तेव्हा दोन्ही देशांत राजदूत नव्हते. होतं ते मुंबईतलं इस्रायलचं कॉन्सुलेट.

वाचकहो, तो उन्हाळा आपल्यासाठी वेगळ्याच झगड्याचा होता. लग्नाची नोंद करताना बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करा, असा मुख्य रब्बीनातचा १९६२चा आदेश होता. भारताचे खेळाडू पाहुणे म्हणून आले आणि परत गेले. आपण पाहुणे नव्हतो, घरचे होतो. आणि घरचे असल्याचा पुरावा आपल्याकडेच मागितला जात होता. जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणं धरलं, तेव्हा १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत. त्याच महिन्याअखेर रब्बीनातनेही आदेशातून आपलं नाव काढलं.

इतरांनी दार लावणं म्हणजे काय, हे मग इस्रायलच्या फुटबॉललाही कळलं. १९७४ साली आशियाई महासंघाने त्याला बाहेर काढलं. बरीच वर्षं भटकल्यावर १९९४मध्ये युरोपच्या महासंघात पूर्ण सदस्यत्व मिळालं. १९६४चा तो चषक इस्रायलचा एकमेव आशिया चषक ठरला. भारतालाही त्या उपविजेतेपदाच्या पुढे अजून जाता आलेलं नाही.