चौकट व चौकटअंतर (मधपेटीतील)

मधपेटीत पोळे ज्या लाकडी चौकोनात बांधले जाते ती चौकट, आणि शेजारच्या दोन चौकटींच्या मध्यांतील अंतर ते चौकटअंतर. पोळी सरळ आणि सुटी निघतील की एकमेकांत गुंततील, हे मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरते.

मधमाश्या पोळ्यांमध्ये स्वतःच्या ये-जा करण्यापुरती वाट मोकळी ठेवतात. फिलाडेल्फियाचे पाद्री लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये या वाटेचे महत्त्व हेरले आणि चौकटीच्या सर्व बाजूंनी ती राखणाऱ्या पेटीचे पेटंट 1852 मध्ये घेतले. ही वाट साधारण 6 ते 9 मिमी. असते. त्याहून मोठ्या पोकळीत माश्या जोडपोळे बांधतात. त्याहून लहान फट युरोपीय मेलिफेरा माशी झाडांच्या डिंकाने लिंपून टाकते. जोडपोळे झालेली चौकट उचलताना मेण फाटते, पिलाव्याची (अंडी, अळ्या व कोशांच्या घरांची) झाकणे उघडतात, मध माश्यांवर ओघळतो आणि मध्ये सापडलेली राणी चिरडली जाऊ शकते.

मेलिफेरा माशीच्या पिलाव्याचे पोळे सुमारे 25 मिमी. जाड असते. चौकटी 35 मिमी.वर ठेवल्या, की समोरासमोरच्या पोळ्यांवर दोन माश्या पाठीला पाठ लावून काम करू शकतात. हॉफमन चौकटीचे रुंद खांदे एकमेकांना टेकवले, की हेच अंतर आपोआप राखले जाते. पिलाव्याच्या घरांची खोली ठरलेली असते, मधाची घरे मात्र माश्या लांबवत नेतात. म्हणून मधकोठीत (मध साठवण्याच्या कप्प्यात) 10 चौकटींच्या जागी 9 ठेवून जाड पोळी घेतात. झाकणे कापायला ती सोपी जातात. हे पोळी बांधून झाल्यावरच करावे. नुसते मेणपत्रे (षटकोनांचे ठसे असलेले मेणाचे पत्रे) लावलेल्या चौकटी आधीच विरळ ठेवल्यास माश्या पत्रा सोडून मधल्या पोकळीत वेगळे पोळे उभारतात. एक चौकट कमी पडली म्हणून जागा तशीच सोडणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. तिथे फळी घालून ती बंद करावी.

भारतीय सातेरी माशी आकाराने लहान. तिच्यासाठी चौकटअंतर सुमारे 30 ते 32 मिमी. आणि मेणपत्र्यावरील षटकोनांचे ठसेही लहान लागतात. मेलिफेराचा पत्रा दिल्यास कामकरी माशीची घरे नीट बसत नाहीत, पोळे वेडेवाकडे होते. महाबळेश्वरसारख्या सातेरीच्या मुलखात काम करणाऱ्याने बाहेरची मापे आंधळेपणाने उचलू नयेत, हे आवर्जून सांगायला हवे.

मेणपत्रा चौकटीत ताणलेल्या तारांवर बसवतात. त्यामुळे पोळे सरळ उतरते, नरांची घरे कमी होतात आणि मधयंत्रात फिरवताना पोळे तुटत नाही. पत्रा न लावता वरच्या पट्टीखाली मेणाची पातळ कड दिली तरी चालते, पण मग दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. माश्या पोळे वरून खाली, ओळंब्याच्या रेषेत बांधतात; पेटी डावी-उजवी कलली असल्यास पोळे चौकटीबाहेर जाते. शिवाय रिकाम्या चौकटी ओळीने लावल्या, तर आडवी पोळी होण्याचा धोका असतो.

सर्वांत भरवशाची रीत म्हणजे नवी चौकट दोन सरळ, मोहोरबंद पिलाव्याच्या पोळ्यांमध्ये घालणे. दोन्ही बाजू पक्क्या असल्याने माश्यांना फुगवटा काढायला वाव राहत नाही. उघड्या मधाच्या पोळ्याशेजारी मात्र तीच चौकट अर्धवट राहते, कारण माश्या जुनीच घरे लांबवत बसतात. दुबळ्या वसाहतीत किंवा थंडीत पिलाव्याच्या मध्ये चौकट घालू नये, पिल्ले गारठतात. जांभूळ, हिरडा फुलून मकरंद येत असतो तेव्हा पत्र्यावर घरे लवकर बांधली जातात. दुष्काळात माश्या तोच पत्रा कुरतडून टाकतात.